दुसऱ्याच्या बिडीचा धूर आणि विकत घेतलेलं संशोधन



मागच्या आठवड्यात ओपीडीत एक जोडपं आलं होतं. बाई पंचेचाळिशीच्या. दम्याचा त्रास. दिवाळीपासून तिसऱ्यांदा नेब्युलायझर लावायची वेळ आली होती. त्यांनी आयुष्यात बिडीला हात लावलेला नाही, खर्राही खात नाहीत. नवरा कोळसा खाणीत नोकरीला. रात्री जेवण झालं की समोरच्या खोलीत पलंगावर बसून तीन-चार बिड्या ओढायची त्यांची वीस वर्षांची सवय. खोली एकच, खिडकी एकच, आणि थंडीत तीही बंद.

मी म्हटलं, "भाऊ, औषध मी देईन, पण बिडी घराबाहेर गेल्याशिवाय ताईंचा दमा आटोक्यात येणार नाही."

त्यांनी खिशातून मोबाईल काढला. "हे पाहा ना जी डॉक्टरसाहेब. अमेरिकेतलं संशोधन आहे. एक लाखावर लोकं तपासले. नवऱ्याच्या सिगारेटीनं बायकोले काही होत नाही म्हणे."

मी तो मेसेज वाचला. अशा मेसेजमध्ये बहुतेक वेळा थापाच असतात. हा मात्र थाप नव्हता. असा अभ्यास खरोखर आहे, आणि तो एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला आहे. म्हणूनच आजचा लेख लिहायला घेतला. खोटी बातमी ओळखायला आपण हळूहळू शिकतोय. पण "खरं" संशोधन कुणाच्या पैशातून आणि कशासाठी जन्माला आलं, हे विचारायला आपण अजून शिकलेलो नाही. आणि त्याची किंमत माझ्यासमोर खुर्चीत बसून धापा टाकत होती.

आधी धूर समजून घेऊ

बिडी किंवा सिगारेटमधून दोन प्रकारचा धूर निघतो. एक, ओढणारा झुरका घेऊन बाहेर सोडतो तो. दुसरा, जळत्या टोकातून आपसूक निघत राहतो तो. खोलीत बसलेल्या बायकामुलांच्या छातीत हे दोन्ही जातात. यालाच पॅसिव्ह स्मोकिंग म्हणतात.

लोकांना वाटतं, ओढणाऱ्याच्या छातीतून गाळून आलेला धूर, तो काय करणार? पण जळत्या टोकाचा धूर कुणाच्याच छातीतून गाळून येत नाही. तो कमी तापमानाला अर्धवट जळून तयार होतो, त्यामुळे काही विषारी द्रव्यं त्यात जास्तच असतात. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं सापडली आहेत, त्यांतली सुमारे सत्तर कर्करोग घडवणारी आहेत.

अमेरिकेच्या सर्जन जनरलचा २००६ चा अहवाल सांगतो की स्वतः कधीही न ओढणाऱ्या, पण धुरात राहणाऱ्या माणसाला हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. लहान मुलांना न्यूमोनिया, ब्राँकायटिस, कानाचे संसर्ग आणि दम्याचे झटके जास्त येतात. धुराचं "इतकं चालेल" असं कोणतंही सुरक्षित प्रमाण नाही, हाही त्याच अहवालाचा निष्कर्ष.

आपल्या देशाचं चित्र पाहा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात १०.७ टक्के प्रौढ बिडी-सिगारेट ओढतात. आणि घरात दुसऱ्याचा धूर सोसणारे प्रौढ किती? ३८.७ टक्के. म्हणजे ओढणारे शंभरात अकरा, आणि घरच्या घरी धूर गिळणारे शंभरात एकोणचाळीस. मुलं तर यात मोजलेलीच नाहीत.

मेसेजमधला अभ्यास कोणता?

तो अभ्यास मे २००३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. कॅलिफोर्नियातल्या १ लाख १८ हजार लोकांची माहिती १९५९ पासून गोळा केलेली होती. त्यातले स्वतः कधीही न ओढलेले, पण ज्यांच्या जोडीदाराची सवय माहीत होती, असे ३५ हजार लोक निवडले आणि निष्कर्ष काढला की जोडीदाराच्या धुराचा मृत्यूशी ठळक संबंध दिसत नाही.

आता दोन गोष्टी ऐका. ही मूळ माहिती अमेरिकन कॅन्सर सोसायटीने गोळा केली होती, आणि त्याच संस्थेनं या निष्कर्षावर जाहीर आक्षेप घेतला. कारण जोडीदार ओढतो की नाही, ही माहिती १९७२ नंतर घेतलीच नव्हती. मृत्यू मात्र १९९८ पर्यंत मोजले. मधल्या सव्वीस वर्षांत कुणी सिगारेट सोडली, कुणाचा जोडीदार वारला, कुणाचा घटस्फोट झाला, कशाचाच पत्ता नाही. शिवाय १९५९ च्या अमेरिकेत ऑफिस, बस, हॉटेल, सगळीकडे धूर होता. मग "धूर न लागलेले" म्हणून ज्यांच्याशी तुलना केली, ते तरी कुठे धुराबाहेर होते?

दुसरी गोष्ट. अभ्यासाच्या शेवटच्या टप्प्याचा पैसा सेंटर फॉर इनडोअर एअर रिसर्च या संस्थेकडून आला. नाव किती सोज्वळ, "घरातल्या हवेचं संशोधन केंद्र"! ती १९८८ मध्ये स्थापन केली होती फिलिप मॉरिस, आर. जे. रेनॉल्ड्स आणि लॉरिलार्ड या तीन सिगारेट कंपन्यांनी.

लेखकांनी पैशाचा स्रोत छापला होता आणि आपला अभ्यास प्रामाणिकच आहे असं ते कायम सांगत आले, हेही नोंदवतो. पण तुमच्या मोबाईलवरच्या मेसेजात तो स्रोत आला का? नाही. तिथे फक्त "अमेरिकेतलं संशोधन" एवढंच उरलं.

शंका विकायचा धंदा

हे एकच प्रकरण असतं तर मी एवढा लेख लिहिला नसता. पण हा धंदा पद्धतशीर होता.

१९८१ मध्ये जपानचे डॉ. ताकेशी हिरायामा यांनी ९१ हजारांहून अधिक, स्वतः न ओढणाऱ्या बायकांचा चौदा वर्षांचा अभ्यास छापला. खूप सिगारेट ओढणाऱ्यांच्या बायकांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या बायकांपेक्षा सुमारे दुप्पट निघालं. कंपन्यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन हा अभ्यास चुकीचा असल्याचा गवगवा केला. पण त्याच वर्षीच्या एका अंतर्गत टिपणात, हिरायामा बरोबर आहेत असं कंपन्यांशी संबंधित तज्ज्ञांचंच मत नोंदलेलं आहे. हे टिपण नंतर कोर्टकचेऱ्यांमधून उघड झालं.

पुढे कंपन्यांनी जपानमध्ये स्वतःचा अभ्यास करवून घेतला. तो १९९५ मध्ये छापला गेला. त्याचा रोख काय होता माहीत आहे? की काही जपानी बायका आपण सिगारेट ओढत नाही असं खोटं सांगतात! नवऱ्याच्या धुराने बायको आजारी पडली, तर बायकोच खोटारडी. आपल्याकडच्या कितीतरी भगिनींना हा न्याय ओळखीचा वाटेल.

दुसरी गोष्ट याहून वाईट. फिलिप मॉरिसने १९७१ मध्ये जर्मनीतली एक प्रयोगशाळा विकत घेतली. तिथे १९८० च्या दशकात जळत्या टोकाच्या धुरावर कितीतरी प्रयोग झाले. वजनाला वजन धरलं तर हा धूर ओढणाऱ्याच्या झुरक्यातल्या धुरापेक्षा सुमारे चौपट विषारी आहे, असं त्या प्रयोगांतून दिसत होतं. कंपनीने हे जगाला सांगितलं नाही. बाहेरच्या संशोधकांनी कंपनीची कागदपत्रं चाळून २००५ मध्ये ते छापलं. म्हणजे एका हाताने "धोका सिद्ध झालेला नाही" म्हणायचं, आणि दुसऱ्या हाताने धोक्याचा पुरावा कपाटात कुलूपबंद करायचा.

स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा विद्यापीठाशी संबंधित एक प्राध्यापक, रॅग्नर रायलँडर, अनेक वर्षं फिलिप मॉरिसचे छुपे सल्लागार होते. दोन कार्यकर्त्यांनी हे चव्हाट्यावर आणलं, तर प्राध्यापकांनी त्यांच्यावरच बदनामीचा खटला भरला. २००३ मध्ये कोर्टाने कार्यकर्त्यांना निर्दोष ठरवलं.

आता एक साधी मोजणी. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी १९८० ते १९९५ या काळात पॅसिव्ह स्मोकिंगवर छापलेले १०६ आढावा लेख तपासले. त्यांतले ३१ तंबाखू कंपन्यांशी लागेबांधे असलेल्यांनी लिहिले होते. त्या ३१ पैकी २९ लेख म्हणत होते, धूर घातक नाही. उरलेल्या ७५ लेखांपैकी असं म्हणणारे फक्त १०. विषय तोच, पुरावे तेच. फरक होता तो पगाराच्या चिठ्ठीचा.

१९६९ च्या एका सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात हा धंदा एका वाक्यात सांगितला आहे: शंका हाच आपला माल. २००६ मध्ये अमेरिकेच्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी हजार पानांहून मोठ्या निकालात, या कंपन्यांनी दुसऱ्याच्या धुराच्या धोक्याबद्दलही लोकांची फसवणूक केली, असं ठरवलं. त्या खटल्यातलं बीएटी कंपनीचं नाव तुम्हाला परकं वाटेल. पण आपल्या पानठेल्यावर ज्यांच्या सिगारेटी मिळतात त्या आयटीसीत बीएटीची मोठी भागीदारी वर्षानुवर्षं आहे, आणि गॉडफ्रे फिलिप्समध्ये फिलिप मॉरिसची.

"सिद्ध झालं नाही" म्हणजे काय?

१९९८ मध्ये आणखी एक चलाखी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने युरोपातल्या सात देशांत अभ्यास केला. धुरात राहणाऱ्या जोडीदाराला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका १६ टक्के जास्त निघाला. पण रुग्ण ६५० च होते, त्यामुळे हा आकडा संख्याशास्त्राच्या काटेकोर कसोटीला थोडक्यात कमी पडला. अभ्यास छापून यायच्या आधीच ब्रिटनच्या एका वर्तमानपत्रात मथळा झळकला की पॅसिव्ह स्मोकिंगने कर्करोग होत नाही, आणि तो जगभर फिरला.

समजा, अंधाऱ्या खोलीत टॉर्चची बॅटरी कमी आहे आणि तुम्हाला कोपऱ्यात सापासारखं काहीतरी दिसलं. "साप आहे हे नक्की सांगता येत नाही" हे म्हणणं ठीक आहे. "साप नाही, खुशाल झोपा" हे म्हणणं वेगळं. कंपन्यांनी पहिल्या वाक्याचं दुसरं वाक्य करून विकलं. सगळे अभ्यास एकत्र मांडल्यावर, म्हणजे टॉर्च नीट पेटल्यावर, त्याच संस्थेनं दुसऱ्याच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं.

"२५ टक्के म्हणजे थोडंच की" असंही काही जण म्हणतात. समजा, एखाद्या वयात धुराबाहेर राहणाऱ्या शंभर बायकांपैकी दहा जणींना हृदयविकार होत असेल, तर धुरात राहणाऱ्या शंभरांपैकी बारा-तेरा जणींना होईल. त्या दोघी-तिघी कोण, हे कुणी सांगू शकत नाही. हृदयविकार हा आपल्याकडे घरोघरचा आजार. त्यामुळे थोडा वाढलेला धोकाही कोट्यवधी घरांमध्ये मिळून फार मोठा होतो. दुसऱ्याच्या धुरामुळे जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आपल्याकडचा अवतार: "भारतीय अभ्यास कुठे आहे?"

हे सगळं विलायतेत घडलं, आपला काय संबंध, असं वाटेल. तर मार्च २०१५ आठवा. सिगारेट-बिडीच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्रमय इशारा १ एप्रिलपासून लागू व्हायचा होता. तेव्हा अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी, जे त्या विषयाचा विचार करणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष होते, त्यांनी म्हटलं की तंबाखूने कर्करोग होतो हे दाखवणारा भारतीय अभ्यास नाही, सगळे अभ्यास परदेशातले आहेत. समितीतले आणखी एक खासदार, अलाहाबादचे श्यामाचरण गुप्ता, स्वतः बिडी उद्योगातले! इशारा लांबणीवर पडला. तो लागू झाला बरोबर एक वर्षाने, १ एप्रिल २०१६ ला. आणि त्या वक्तव्याच्या दीडच महिना आधी, १६ फेब्रुवारी २०१५ ला, आपले आर. आर. आबा पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले होते.

भारतीय अभ्यास नव्हता? मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू खाणं-ओढणं आणि कर्करोग यांचा संबंध दाखवणारा अभ्यास १९५५ मध्येच छापला होता. तोही त्याच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये! मुंबईतच सुमारे एक लाख माणसांचा मागोवा घेऊन २००५ मध्ये दाखवलं गेलं की बिडी ओढणाऱ्या पुरुषांचा मृत्यूचा धोका तंबाखूपासून दूर राहणाऱ्यांपेक्षा ६४ टक्के जास्त आहे, सिगारेटवाल्यांपेक्षाही जास्त. आणि दुसऱ्याच्या धुराबद्दल? चंडीगढच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी १९९४ मध्येच दाखवलं होतं की घरच्या धुरात राहणाऱ्या दमेकऱ्यांना तातडीच्या उपचारांची गरज जास्त पडते आणि दमा आटोक्यात राहत नाही. माझ्या ओपीडीतल्या ताईंची गोष्ट, तीस वर्षांपूर्वी छापलेली.

"अजून अभ्यास हवा" हे वाक्य शास्त्रज्ञाच्या तोंडी शोभतं. विक्रेत्याच्या किंवा त्याची बाजू घेणाऱ्याच्या तोंडी त्याचा अर्थ एकच असतो: अजून एक वर्ष विकू द्या.

बिडी कामगारांच्या पोटाचा प्रश्नही तेव्हा पुढे केला गेला. तो प्रश्न खराच आहे. नदीपलीकडे कामठीत बाबू हरदास यांनी नव्वद वर्षांपूर्वी बिडी कामगारांना संघटित केलं, ते कामगारांच्या हक्कासाठी. ते स्वतः १९३९ मध्ये ऐन तरुणपणी क्षयाने गेले. कामगारांची काळजी असेल तर त्यांना मजुरी द्या, दुसरा रोजगार द्या. त्यांना ढाल करून ग्राहकाच्या बायकोची छाती जाळू नका.

"कन्हानच्या हवेत आधीच कोळसा आहे"

हा मुद्दा मला दर आठवड्याला ऐकू येतो. खाणींची धूळ, ट्रक, खापरखेडा-कोराडीची राख. खरं आहे, आणि त्याविरुद्ध आपण बोललंच पाहिजे. पण लक्षात घ्या, "हवेत दुसरंही पुष्कळ काही आहे, एकट्या सिगारेटीला का धरता?" हीच त्या "घरातल्या हवेच्या संशोधन केंद्रा"ची आवडती दिशा होती. तंबाखू सोडून हवेतल्या इतर गोष्टींकडे लोकांचं लक्ष वळवायचं. बाहेरची हवा आधीच खराब असेल, तर घरातली तरी स्वच्छ ठेवायला नको का? खाणीची धूळ बंद करणं तुमच्या एकट्याच्या हातात नाही. पलंगावरची बिडी आहे.

मग कंपन्यांच्या पैशातलं सगळं संशोधन खोटं?

नाही. मी लिहून देतो त्या कित्येक औषधांच्या चाचण्या औषध कंपन्यांच्याच पैशातून झाल्या आहेत. तिथेही लबाड्या होतात, आणि कंपनीच्या खर्चाने परिषदांना जाणारे आम्ही डॉक्टर काही धुतल्या तांदळासारखे नाही. पण औषध बाजारात आणायला सरकारी यंत्रणेपुढे पुरावा मांडावा लागतो, आणि औषधाचा रुग्णाला उपयोग होण्याची शक्यता तरी असते. सिगारेट कंपनीला धुरावरच्या संशोधनातून एकच उत्तर परवडतं. ज्या प्रश्नाचं एकच उत्तर परवडतं, त्याला मी संशोधन म्हणत नाही, जाहिरात म्हणतो.

म्हणून पुढचा आरोग्याचा मेसेज आला की चार प्रश्न विचारा:

१. या अभ्यासाचा पैसा कुणी दिला?
२. निष्कर्ष उलटा आला असता तर पैसे देणाऱ्याचं नुकसान झालं असतं का?
३. हा एकटाच अभ्यास आहे की बाकीचे अभ्यासही तेच सांगतात?
४. "धोका नाही" म्हटलंय की "धोका सिद्ध झाला नाही" म्हटलंय?

आणि घरासाठी एवढं करा:

- बिडी-सिगारेट घरात आणि गाडीत अजिबात नको. खिडकी उघडून, पंखा लावून किंवा दुसऱ्या खोलीत बसून भागत नाही. धूर घरभर फिरतो.
- घरात दमेकरी, गरोदर बाई, लहान बाळ किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर पाहुण्यांनाही स्पष्ट सांगा. यात अपमान नाही.
- बस, ऑफिस, दवाखाना, हॉटेल इथे कुणी ओढत असेल तर हटका. मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ ला हा हक्क तुम्हाला दिला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर त्याचे कडक नियम आहेत. दोनशे रुपयांपर्यंत दंड होतो.
- सोडायची इच्छा असेल तर या. निकोटिनच्या गोळ्या, औषधं, समुपदेशन, सगळं आहे. मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६.

कोर्टाचा हुकूम बसस्टँडपर्यंत पोहोचतो, तुमच्या घराच्या उंबरठ्याच्या आत येत नाही. तिथला कायदा तुम्हालाच करायचा आहे.

त्या भाऊंना मी हे सगळं दहा मिनिटांत सांगायचा प्रयत्न केला. ते ऐकून घेत होते, पण पटलं असं काही म्हणाले नाहीत. शेवटी ताईच बोलल्या. दम लागत होता, म्हणून तुटक तुटक. "त्या अमेरिकेच्या बाया... यायच्या घरात राहते काय?"

भाऊंनी मोबाईल खिशात ठेवला. पुढच्या महिन्यात दोघांना परत बोलावलं आहे. ताईंची पीक फ्लो मीटरवरची तपासणी करून वहीत आकडा लिहून ठेवला आहे. बिडी महिनाभर उंबरठ्याबाहेर राहिली, तर तो आकडा काय होतो ते भाऊंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. या अभ्यासाला कुठल्याच कंपनीचा पैसा लागत नाही.

काळजी घ्या, स्वतःची आणि शेजारी श्वास घेणाऱ्याचीही.